कोपऱ्यातलं घड्याळ

३ फेब्रुवारी, सोमवार

तो येणार! इथे, आमच्या संग्रहालयात, माझ्याच खुर्चीवर बसणार!

संचालकबाईंनी सकाळच्या बैठकीत चहा ढवळता ढवळता सांगितलं — "नव्या दालनाचं उद्घाटन सरांच्या हस्ते. १४ मार्च. त्यांची सिस्टीम त्यांच्यासमोर सुरू झाली पाहिजे. ते काम तुमच्याकडे." मी मान डोलावली. पेनाचं टोपण चावून चपटं केलं होतं, ते नंतर दिसलं.

बाहेर तो 'सर'. या वहीत 'तो'. एवढी सूट मी मला देते.

तीसेक वर्षांपूर्वी एका छोट्या कंपनीने शाळांसाठी संगणक काढला होता. त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम दोघांनी लिहिली — त्याने आणि माझ्या ताईने. आपल्या भाषेत हुकूम घेणारी. ताई तेव्हा जेमतेम तेवीसची. टायपिंगचा असा सपाटा की ऑफिसात तिला सगळे ठिणगी म्हणायचे. फाइल साठवण्याचा भाग तिचा, बाकीचं बरंचसं त्याचं. एका वर्षी शाळाशाळांतून निकालाच्या फाइली नाहीशा झाल्या. फ्लॉपी जागेवर, आत शून्य! चौकशी बसली. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "साठवणीचा भाग ठिणगीचा. मी काय बोलणार?"

मी काय बोलणार! आवाज चढवला नाही, आळ घेतला नाही. गोड बोलून गळा कापला.

ताई दुसऱ्या दिवसापासून घरी. त्यानंतर तिने संगणकाला हात लावलेला नाही. आणि मी, तेव्हाची शाळकरी धाकटी बहीण, मोठी होऊन काय करते? मेलेल्या संगणकांना जिवंत करते. कोणासाठी, ते मला कधी कोणी विचारलेलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ताईला सांगितलं नाही. दिवसभर तोंडात कडू गोळी धरून बसल्यासारखं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जुन्या फ्लॉपीची प्रत काढली. इम्युलेटरवर चढवली. सुरू झाली!

नवरा विचारतो, इम्युलेटर म्हणजे नक्की काय गं? सोंग रे बाबा. नव्या यंत्राने जुन्याचं असं सोंग घ्यायचं, की जुन्या सिस्टीमला वाटावं, आपण आपल्याच घरात आहोत. "म्हणजे तू माझ्या आईसमोर घेतेस तसं," म्हणाला. हसले. बऱ्याच दिवसांनी.

हिरवी अक्षरं. वरच्या उजव्या कोपऱ्यात घड्याळ, सेकंद टिपणारं. ते त्याचं लाडकं. प्रत्येक मुलाखतीत त्या घड्याळाचं कौतुक — "इतक्या लहान यंत्रात जिवंत घड्याळ, तेव्हा कोणी कल्पना केली नव्हती."

मी फाइली साठवत सुटले. लहान, मोठ्या, नावं बदलून. एकही हरवली नाही! ताईचा भाग चोख. मग आनंद व्हायला हवा होता. झाला राग. कारण मला माहीत आहे तो काय म्हणेल — "बाई, हे खरं यंत्र नाही. सोंग आहे." आणि ते बरोबरच असेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सोल्डरकाकांच्या पाया पडायला हवं. आमचे तंत्रज्ञ ते, निवृत्तीनंतरही येऊन बसतात. गोदामातल्या दोन मेलेल्या बोर्डांचे अवयव काढून त्यांनी एक जिवंत केला. "आजोबांचं मूत्रपिंड नातवाला बसवलंय," म्हणाले. "पळवू नका फार."

खरं यंत्र! पंख्याचा तोच चिरका आवाज. ताईचा डबा घेऊन मी त्या ऑफिसात जायचे तेव्हा दारातच ऐकू यायचा.

लांबलचक फाइल लिहिली. साठवली. यादी मागितली — कचरा! फ्लॉपीचं अनुक्रमणिकेचं पानच फाटल्यासारखं. पुन्हा केलं. पुन्हा कचरा. मग कोपऱ्यातलं घड्याळ बंद करायचा हुकूम दिला — "घड्याळ बंद". सेकंद थांबले. तीच फाइल साठवली. सगळं जागच्या जागी.

घड्याळ! मेलं ते घड्याळ!

फ्लॉपी गरगर फिरत असते, ती कुणासाठी थांबत नाही. तिला अक्षर वेळच्या वेळी भरवावं लागतं, बाळाला घास भरवतो तसं. मध्येच याचं घड्याळ येऊन उभं राहतं — आधी माझा सेकंद बदला! घास हुकतो आणि नको तिथे सांडतो. आणि मारलं कुणाला? भरवणारीला.

पुन्हा एकदा करून चित्रीकरण करायचं म्हणून वळले, तर बोर्डातून धूर. काकांनी खटका पाडला. "गेलं," म्हणाले. "परत नाही उठायचं." मग काका हळूच — "पण मी पाहिलंय हं. तुम्ही एकट्या नाही."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

खरं यंत्र गेलं. आता साक्ष देऊ शकेल असं एकच उरलं आहे — सोंग. आणि ते सोंग फार भलं आहे. त्यातली फ्लॉपी सभ्यपणे थांबते. म्हणते, आधी तुमचं घड्याळ होऊ द्या, मग मला भरवा. अशाने कुणाचं काय बिघडणार!

इम्युलेटर लिहिणाऱ्याला पत्र टाकलं. दूर कुठेतरी राहतो, खरं नाव कुणाला माहीत नाही, सगळे घुबड म्हणतात. लिहिलं, तुमची फ्लॉपी अधीर करायची आहे.

उत्तर तासाभरात — "लोक मला दोष काढायला सांगतात. तू घालायला सांगतेस. अशा बाईला मी नाही म्हणत नसतो."

१६ फेब्रुवारी, रविवार

ताईकडे गेले. तिची गाडी चालवायला शिकवण्याची शाळा आहे. एकच गाडी, छपरावर पाटी, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक. रविवारी ती मला फिरवते आणि बोलते. खरं म्हणजे मी चालवते आणि ती बोलते.

सांगून टाकलं. तो येणार. घड्याळ. धूर. सगळं.

ती समोर बघत राहिली. मग — "आरसा बघितलास का वळताना?"

"ताई!"

"ऐकलं मी. आता करणार काय आहेस?"

"त्याला सगळ्यांसमोर फाइल साठवायला लावणार. त्याच्याच सिस्टीमवर, त्याच्याच हाताने. आणि ती जाणार."

"आणि मग?"

"मग मी सांगणार का गेली ते."

"मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, बयो. मी केव्हाच सुटले त्यातून." गाडी बंद पडली. "क्लच! आधी क्लच सोड सावकाश, माणसाचा राग नंतर सोड."

"नाही सोडणार."

"हे माझ्यासाठी चाललंय की तुझ्यासाठी?"

मी पुन्हा गाडी सुरू केली. उतरताना ती म्हणाली, "कर काय ते. पण ध्यानात ठेव, दुसरा ब्रेक माझ्या पायाशी आहे."

सुटले म्हणते. मग त्याचा फोटो पेपरात आला की त्या दिवशीचा पेपर तिच्याकडे भाजी निवडायला का वापरतात?

१९ फेब्रुवारी, बुधवार

घुबडाचा पहिला प्रयत्न फसला. सगळंच हरवतंय आता, घड्याळ बंद असतानाही. "माफ कर, जरा जास्त दुष्ट झालं."

२४ फेब्रुवारी, सोमवार

झालं! घड्याळ चालू — कचरा. घड्याळ बंद — ठीक. काकांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून तीनदा पाहिलं. "तस्संच," म्हणाले. "अगदी त्या दिवशीसारखं चुकतंय." लेकराला सर्दी झाली म्हणून कुणी पेढे वाटतं का? मला वाटावेसे वाटले.

लहान फाइल बहुधा वाचते. घास थोडे, हुकायची संधी थोडी. पडदाभर मजकूर असला तर जवळजवळ हमखास जाते. जवळजवळ. म्हणून त्याला लांब शुभेच्छा लिहायला लावायच्या. मागच्या भिंतीवर मोठा पडदा, तो दाबेल ती प्रत्येक कळ सगळ्यांना दिसेल. आमच्याकडे तशी सोयच आहे, पाहुण्याची प्रत्येक कळ टिपली जाते आणि पुन्हा जशीच्या तशी चालवून दाखवता येते.

मग मी दोन वाक्यं बोलणार. आरशासमोर म्हणून पाहिली. पहिल्यात आवाज फुटतो.

३ मार्च, सोमवार

आज दुपारभर एका आकड्याकडे बघत बसले. फ्लॉपी किती वेळ वाट पाहील, तो आकडा. जरासा कमी केला की 'जवळजवळ' संपलं. दोन ओळींची फाइलही जाईल. नक्की जाईल. कुणाला कळणार आहे? खरं यंत्र राहिलंय कुठे!

बोट कळीवर होतं.

नाही केलं. चांगुलपणा म्हणून नाही. खोट्याने ताईला घालवलं. तिला परत आणताना त्यात माझं खोटं मिसळलं, तर त्याच्यात आणि माझ्यात फरक काय तो साडीचा. त्याला बुडवायचं ते त्याच्याच पाण्यात. माझं एक थेंबही नको.

५ मार्च, बुधवार

लिहायचं नव्हतं, पण डोक्यातून जात नाही. डबा द्यायला गेले होते तेव्हा एकदा त्याने मला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं होतं. "दाब, घाबरू नकोस. यंत्र चावत नाही." मी माझं नाव लिहिलं. हिरव्या अक्षरांत. तो म्हणाला, "ठिणगीची बहीण! लागणार आग." माझ्या आयुष्यातली संगणकाची पहिली कळ त्याच्या खुर्चीवर दाबलेली आहे.

म्हणून काय झालं? साखर घातली म्हणून विष गोड होतं, औषध होत नाही.

१० मार्च, सोमवार

ताई येणार म्हणते. "शेवटच्या रांगेत बसेन. आणि मला बघून हात हलवू नकोस, वेंधळ्यासारखा."

१४ मार्च, शुक्रवार

क्रमाने लिहिते, नाहीतर काहीच लिहिलं जाणार नाही.

तो आला. म्हातारा झालाय. काठी नाही, पण खुर्चीत बसताना टेबल धरलं. मला ओळखलं नाही. कशावरून ओळखणार, आडनाव दुसरं, केस पांढरे. "हे तुम्ही जिवंत केलंत?" म्हणाला. डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "जसंच्या तसं, सर." दालन भरलेलं. ताई मागे, भिंतीला टेकून, हाताची घडी.

मी सांगितलं, सर आता स्वतः संदेश लिहून साठवतील. टाळ्या. तो लिहू लागला. एका बोटाने, हळू. भिंतीवर अक्षरं मोठी मोठी. या मुलांना, त्या काळाला, सहकाऱ्यांना — सहकाऱ्यांना! लिहिलंन बघ! — पडदा भरला. कोपऱ्यात घड्याळ टिकटिकत होतं. माझी दोन वाक्यं घशाशी तयार.

आणि साठवायच्या आधी, न थांबता, न बघता, आपण चप्पल काढल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही इतक्या सहज, त्याच्या बोटांनी लिहिलं —

घड्याळ बंद

सेकंद थांबले. मग 'साठव'. फाइल सुखरूप. टाळ्या!

कोणी सांगितलं त्याला? मी नाही. कुठल्या पुस्तिकेत नाही. तीस वर्षं या सिस्टीमला हात लावला नसेल त्याने. हातांना ठाऊक होतं! म्हणजे तेव्हापासून ठाऊक होतं! शाळांच्या फाइली जात होत्या तेव्हा हा आपली स्वतःची फाइल घड्याळ बंद करून साठवत होता!

लोक टाळ्या वाजवत होते. तो हसत मागे वळला आणि भिंतीकडे नजर गेली. तिथे त्याचेच दोन शब्द, हातभर उंच. हसू तसंच राहिलं, पण खाली चेहरा नव्हता. मग त्याने रांगांवरून नजर फिरवली. शेवटपर्यंत. भिंतीला टेकलेल्या बाईपर्यंत.

ताईने घडी सोडली आणि बाहेर गेली.

माझी दोन वाक्यं? बोललेच नाही. काय बोलणार — फाइल तर वाचली होती!

१५ मार्च, शनिवार

ताईचा फोन. मीच ओरडले आधी — "दिसलं ना तुला? दिसलं ना?"

"दिसलं."

"त्याला माहीत होतं!"

"असणारच. मीच सांगितलं होतं. घोळ व्हायच्या आधी. म्हटलं, सर, मला घड्याळाचा संशय येतोय, साठवताना बंद करून बघा. म्हणाले, घड्याळाला हात लावायचा नाही. विकलं जातंय ते घड्याळावर."

"आणि हे तू मला इतकी वर्षं —"

"सांगून? तू दहावीत होतीस. तुझ्या पायाशी एकही ब्रेक नव्हता."

म्हणजे उपाय तिचा. तिचाच उपाय वापरून स्वतःचं वाचवलं आणि तिलाच ढकललं. माझ्या रागाला आजवर तळ होता असं वाटतं. आज तो तळ फुटला.

१७ मार्च, सोमवार

संचालकबाईंसमोर सगळं मांडलं. यंत्राशेजारी पाटी लावायची. बटण दाबलं की त्याच्या त्या दिवशीच्या कळा पुन्हा चालतील. दुसरं बटण दाबलं की त्याच कळा, फक्त 'घड्याळ बंद' वगळून. मग फाइलीचं काय होतं ते पाहुण्यांनीच बघावं.

बाईंनी विचारलं, "पुरावा आहे?"

"त्यांचीच बोटं आहेत."

"आणि तुमचं नातं?"

सांगितलं. वाटलं, संपलं. त्या म्हणाल्या, "मग काकांनाही सही करू दे पाटीखाली. त्यांनी खरं यंत्र पाहिलंय. लिहा. पण विशेषणं नकोत."

१८ मार्च, मंगळवार

विशेषणं काढता काढता पाटी निम्मी झाली. 'कावेबाज' काढताना जीव गेला. पण विशेषणांविना ती जास्त चावते! धारवाल्या सुरीला नक्षी कशाला.

ताईला वाचून दाखवली. "ठिणगी असंच लिही," म्हणाली. "खरं नाव नको. शिकाऊ बायका विचारत बसतील, आणि मला गिअर शिकवायचे असतात."

उद्या छापून येईल. त्याच्याकडे एक प्रत पाठवणार आहे, घरच्या पत्त्यावर. वाचताना त्याने टेबल धरावं अशी माझी इच्छा आहे. हो, आहे.

२० मार्च, गुरुवार

पाटी लावायला सकाळीच दालनात गेले. यंत्रावर कालच्या पाहुण्यांच्या कळा पाहिल्या, सवयीने. दुपारी कोणीतरी बराच वेळ बसलं होतं. एका बोटाने. फाइलीचं नाव — ठिणगी. घड्याळ चालूच ठेवलेलं. साठवली. कचरा. पुन्हा तेच. पुन्हा कचरा. पुन्हा.

वाटलं, ताई! फोन केला. ती गाडीत होती, शिकाऊ बाई शेजारी. "मी? काल? वेडी का तू!"

सोल्डरकाका दारात उभे होते. म्हणाले, "ते उद्घाटनाचे पाहुणे. काल तिकीट काढून आले. मला एकच विचारलं, हे खऱ्यासारखंच चुकतं ना? म्हटलं, खऱ्यासारखंच. मग म्हणाले, मी कधी बघितलं नाही. घाबरून कधी चालू ठेवून बघितलंच नाही."

फाइली गेल्या, पण कळा टिपलेल्या आहेत. चालवून पाहिल्या. प्रत्येक वेळी पडदाभर एकच ओळ, वर्गात शिक्षा म्हणून लिहायला लावतात तशी, वरपासून खालपर्यंत — घड्याळ माझं होतं. घड्याळ माझं होतं. घड्याळ माझं होतं.

ताई अजून फोनवर होती. वाचून दाखवलं.

ती दुसरीकडे तोंड करून म्हणाली, "थांब जरा. बाजूला घे गाडी." नंतर बराच वेळ नुसती इंडिकेटरची टकटक ऐकू येत राहिली.

पाटी अजून माझ्या काखेत आहे.